हस्तिदंती चोचीचा सुतार पक्षी: आहे की संपला, हे ठरवायचं कसं?

ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या सरकारने २१ प्रजातींची नावं आपल्या संरक्षित प्रजातींच्या यादीतून काढून टाकली, कारण त्या आता कुठेच उरलेल्या नाहीत असं ठरलं. हा प्रस्ताव मुळात सप्टेंबर २०२१ मध्ये आला होता तेव्हा त्यात २३ नावं होती. जी दोन नावं मागे ठेवली त्यातली एक हवाईमधली एक वनस्पती, आणि दुसरं नाव होतं आयव्हरी-बिल्ड वुडपेकर, म्हणजे हस्तिदंती चोचीचा सुतार पक्षी. गंमत म्हणजे या पक्ष्याचं सगळ्यांनी मान्य केलेलं अमेरिकेतलं शेवटचं दर्शन १९४४ मधलं आहे. म्हणजे ऐंशी वर्षं होत आली तरी सरकारला "संपला" असा शिक्का मारता आला नाही. असं का होतं, एखादा पक्षी संपलाय हे ठरवणं इतकं अवघड का असतं, ते या एका पक्ष्याच्या गोष्टीतून फार चांगलं कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी पक्षी कसा ते बघू. आपल्याकडे आंब्याच्या नाहीतर नारळाच्या खोडावर दिसणारा सोनपाठी सुतार साधारण पावणेतीनशे मिलिमीटर लांब, आणि हा जवळजवळ अर्धा मीटर, कावळ्यापेक्षाही मोठा. पंख पसरले की पाऊण मीटर. काळाभोर चकचकीत रंग, मानेवरून खाली उतरणारे पांढरे पट्टे, नराचा तुरा लालभडक आणि मादीचा काळा, डोळा पिवळा, आणि चोच हस्तिदंताच्या रंगाची, जाडजूड, छिन्नीसारखी. बसला की पाठीच्या खालच्या भागावर मोठा पांढरा चौकोन दिसतो, कारण मिटलेल्या पंखांची मागची बाजू पांढरी असते. हा पांढरा भाग लक्षात ठेवा, पुढे सगळं भांडण त्याच्यावरूनच आहे. आवाज पत्र्याच्या पिपाणीसारखा, आणि खोडावर ठोकायची पद्धत म्हणजे दोन ठोके लागोपाठ, पहिला जोरात, दुसरा जरा हलका.

तो राहायचा अमेरिकेच्या आग्नेय भागात, मोठ्या नद्यांच्या काठच्या पाणथळ जंगलात, आणि क्युबामध्येही. खायचा मुख्यतः भुंग्यांच्या अळ्या. आता यात एक मेख आहे. या अळ्या मिळतात नुकत्याच मेलेल्या मोठ्या झाडांच्या सालीखाली. झाड मरून दोन-तीन वर्षंच झालेली असतात तेव्हा साल खोडाला घट्ट चिकटलेली असते आणि ती सोलून काढायची ताकद याच्याच चोचीत, बाकीच्यांना ते जमत नाही. नंतर साल सुटते, अळ्याही बदलतात, मग ते झाड त्याच्या कामाचं राहत नाही, तो पुढच्या मेलेल्या झाडाकडे. म्हणजे त्याला कायम नवीन मेलेली मोठी झाडं लागतात. आता मोठी झाडं सतत थोडी थोडी मरत राहतात असं जंगल म्हणजे फक्त म्हातारं, न तोडलेलं आणि अफाट पसरलेलं जंगल. जेम्स टॅनर नावाच्या तरुण संशोधकाने १९३७ ते १९३९ अशी तीन वर्षं या पक्ष्याचा अभ्यास केला, आणि त्याचा अंदाज असा की एका जोडीला ६ चौरस मैल, म्हणजे साधारण साडेपंधरा चौरस किलोमीटर जंगल लागतं. तेवढ्याच जागेत त्याचा चुलतभाऊ म्हणावा असा पायलिएटेड वुडपेकर ३६ जोड्यांनी राहू शकतो. पायलिएटेड आजही भरपूर आहे, गावातल्या बागेतसुद्धा येतो. एकाचं पोट कशावरही भरतं आणि दुसऱ्याचं एकाच प्रकारच्या मेलेल्या झाडावर, एवढाच काय तो फरक.

मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात असं पाणथळ जंगल मुळात सुमारे २ कोटी ४० लाख एकर होतं. सिव्हिल वॉर, म्हणजे तिथलं यादवी युद्ध, संपल्यानंतर लाकूड कंपन्या दक्षिणेत उतरल्या, रेल्वे आली, आणि पन्नास-साठ वर्षांत बहुतेक म्हातारं जंगल गेलं, राहिलेल्या जमिनीवर कापूस आणि पुढे सोयाबीन. त्यात भर म्हणजे पक्षी दुर्मीळ होतोय म्हटल्यावर संग्राहकांनी त्याचे नमुने गोळा करायचा सपाटा लावला. जगातल्या म्युझियममध्ये आज या पक्ष्याचे चारशेपेक्षा जास्त नमुने ठेवलेले आहेत. शास्त्रासाठी नमुने लागतात हे मान्यच आहे, पण १८८० नंतर जे झालं त्यातलं कितीतरी निव्वळ हौसेपोटी झालं असं मला वाटतं.

१९२० च्या दशकात लोक म्हणायला लागले होते की हा संपला. मग १९३२ मध्ये लुइझियानातल्या मेसन स्पेन्सर नावाच्या वकिलाने अधिकाऱ्यांना सांगितलं की आमच्याकडे आहे, त्यांचा विश्वास बसेना, म्हणून त्याने परवाना घेऊन एक मारूनच आणला. पुरावा द्यायची ही पद्धत होती तेव्हा! तो पक्षी मिळाला सिंगर ट्रॅक्टमध्ये. हे सिंगर म्हणजे आपल्या घराघरांतल्या शिलाई मशीनवालं सिंगरच. मशीनच्या लाकडी कॅबिनेटसाठी ओकचं लाकूड लागेल म्हणून कंपनीने १९१३ मध्ये तिथे ८० हजार एकराच्या आसपास जंगल घेऊन ठेवलं होतं, आणि ते तोडायची वेळच न आल्यामुळे म्हातारं राहिलं होतं.

१९३५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाचे आर्थर ॲलन, पीटर पॉल केलॉग आणि विद्यार्थी असलेला टॅनर हे तिथे पोचले. आवाज रेकॉर्ड करायची यंत्रसामग्री तेव्हा ट्रकभर असायची, ती चिखलातून न्यायची म्हणून खेचरांच्या गाडीवर चढवली आणि घरट्याजवळ नेऊन ठेवली. त्या काही दिवसांत घेतलेला आवाज हा या पक्ष्याचा आजवरचा एकमेव निर्विवाद आवाज आहे. आज जंगलात कुणी रेकॉर्डर लावतं आणि काहीतरी ऐकू आलं म्हणतं, तेव्हा ते ताडून बघायला ही एकच टेप आहे.

टॅनर पुढे तीन वर्षं तिथे राहून काम करत होता. ६ मार्च १९३८ ला तो एका घरट्यापर्यंत चढला, आतल्या पिल्लाच्या पायात रिंग अडकवायची होती. रिंग अडकवून झाली आणि घरट्यासमोर अडथळा करणारी एक फांदी तो तोडत होता तेवढ्यात पिल्लू घाबरून बाहेर पडलं, फडफडत खाली वेलींच्या गुंत्यात आलं. टॅनर खाली उतरला, पिल्लू धड आहे बघितलं, आणि सोबत आलेल्या जे. जे. कून या वनरक्षकाच्या हातात दिलं. ते पिल्लू कूनच्या हातावरून चढत चढत थेट डोक्यावरच्या टोपीवर जाऊन बसलं. टॅनरने फटाफट फोटो काढले आणि मग पिल्लाला परत घरट्यात ठेवलं. ते फोटो इंटरनेटवर सहज मिळतात, जरूर बघा. टोपीवर उभं राहून चोच पुढे केलेलं ते पिल्लू आणि खाली कूनचा चेहरा. या जातीच्या पिल्लाचे इतक्या जवळून घेतलेले दुसरे फोटो नाहीत.

टॅनरचा हिशोब असा होता की १९३९ मध्ये अख्ख्या अमेरिकेत दोन डझनांच्या आसपास पक्षी उरलेत. त्याने नुसतं रडगाणं गायलं नव्हतं, काय करायचं तेही लिहून दिलं होतं, कुठला भाग अजिबात तोडायचा नाही, कुठे निवडक तोड चालेल, मरायला टेकलेली झाडं तशीच उभी ठेवा वगैरे. पण तोवर सिंगरने तोडीचे हक्क शिकागो मिल अँड लंबर कंपनीला विकले होते. दुसरं महायुद्ध चालू, लाकडाला मागणी, मजूर कमी पडले तर जर्मन युद्धकैदी कामाला लावले. चार राज्यांच्या गव्हर्नरांनी मिळून विनंती केली, लुइझियाना राज्य २ लाख डॉलर द्यायला तयार होतं, पक्षी वाचवण्यासाठी काम करणाऱ्या ऑडुबॉन सोसायटीचे प्रमुख जॉन बेकर १९४३ च्या डिसेंबरमध्ये कंपनीच्या लोकांना जाऊन भेटले. कंपनीने साफ नाही म्हटलं. एप्रिल १९४४ मध्ये सोसायटीने डॉन एकलबेरी नावाच्या चित्रकाराला पाठवलं, की निदान चित्रं तरी काढून आण. त्याला एक मादी सापडली, एकटी, आजूबाजूला तोड चालू. जवळजवळ दोन आठवडे तो तिची स्केचेस काढत होता. संध्याकाळी ती ठरलेल्या झाडाच्या ढोलीत परतायची. तेच ते शेवटचं सर्वमान्य दर्शन.

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त सलतं ते हे, की यात अज्ञान अजिबात नव्हतं. कुठे आहेत माहीत, किती आहेत माहीत, काय खातात माहीत, उपाय लिहून तयार. बहुतेक प्रजातींच्या बाबतीत आपण म्हणतो की वेळेवर कळलं नाही, इथे सगळं कळलेलं होतं.

बरं, त्यानंतर काय? त्यानंतर "मी पाहिला" म्हणणारे कायम येत राहिले, टेक्ससमधून, फ्लोरिडातून, लुइझियानातून. १९९९ मध्ये लुइझियानातल्या एका विद्यार्थ्याने पर्ल नदीकाठी जोडी बघितली म्हणून सांगितलं, २००२ मध्ये तिथे मोठी शोधमोहीम झाली, रेकॉर्डरवर दुहेरी ठोके मिळाले म्हणून सगळे खूश, आणि तपासल्यावर ते लांबवरचे बंदुकीचे बार निघाले.

मग आलं २००४. फेब्रुवारीत आर्कान्सामध्ये कॅश नदीच्या दलदलीत जीन स्पार्लिंग नावाचा माणूस कयाक घेऊन फिरत होता, त्याला एक प्रचंड सुतार दिसला. बातमी ऐकून कॉर्नेलमधले टिम गॅलघर आणि त्यांचे पक्षीवेडे मित्र बॉबी हॅरिसन त्याच्याबरोबर गेले आणि २७ फेब्रुवारीला त्यांच्या नावेसमोरून तसाच पक्षी उडत गेला. कॉर्नेलने गुपचूप वर्षभर शोध घेतला. एप्रिलमध्ये डेव्हिड ल्युनो यांच्या नावेतल्या चालू ठेवलेल्या व्हिडिओ कॅमेऱ्यात एक पक्षी खोडावरून उडून जाताना टिपला गेला. चार सेकंदांचा धूसर व्हिडिओ. २८ एप्रिल २००५ ला पत्रकार परिषद, अमेरिकेच्या मंत्री हजर, जूनमध्ये 'सायन्स' या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर पक्षी, सरकारने १ कोटी डॉलरच्या आसपास निधीची घोषणा केली. जगभर पक्षीवेड्या लोकांनी अक्षरशः आनंदाने डोळे पुसले.

पण वर्षभरात पक्षी ओळखायची प्रसिद्ध पुस्तकं लिहिणारे डेव्हिड सिबली आणि इतर तिघांनी त्याच 'सायन्स'मध्ये उत्तर दिलं की हा पायलिएटेडच आहे. मुद्दा असा. हस्तिदंती चोचवाल्याच्या पंखाची मागची कड वरून आणि खालून दोन्हीकडून पांढरी असते. पायलिएटेडची मागची कड काळी, पण पंखाच्या खालच्या बाजूचा पुढचा भाग पांढरा. व्हिडिओत पक्षी आपल्यापासून लांब उडतोय, पाठ आपल्याकडे, आणि त्यात भरपूर पांढरं दिसतंय. कॉर्नेलवाले म्हणाले की हे वरच्या बाजूचं पांढरं. सिबली म्हणाले की उडताना पंख वर जातो आणि पिळला जातो तेव्हा खालची बाजू मागून दिसते, तेच हे पांढरं. फोकस नसलेल्या चित्रात पांढरा रंग पसरतो, काळी कड त्यात गिळली जाते. मी तो व्हिडिओ हळू करून बघितलाय, आणि मला सिबलींचं म्हणणं पटतं, पण समोरची माणसंही काही नवशिकी नाहीत हेही तितकंच खरं.

आवाजाचंही तेच. रेकॉर्डरवर दुहेरी ठोके मिळाले होते, पण पुढे एका अभ्यासात दिसलं की बदकांचा थवा उडताना पंखाला पंख आपटून जवळजवळ तसाच आवाज येतो, त्यात गॅडवॉल बदक, जे हिवाळ्यात आपल्या धरणांवरही येतं. पिपाणीसारखा आवाज 'ब्लू जे' नावाचा पक्षीही काढतो. पुढची काही वर्षं शेकडो स्वयंसेवक, आपोआप चालणारे रेकॉर्डर, कॅमेरे, हेलिकॉप्टरसुद्धा वापरलं, नंतर जिवंत पक्ष्यापर्यंत नेणाऱ्याला ५० हजार डॉलरचं बक्षीसही होतं. एकही स्वच्छ फोटो आला नाही.

आता मुख्य प्रश्नावर येऊ. एखादी गोष्ट "आहे" हे एका फोटोने सिद्ध होतं. "नाही" हे सिद्ध करायला किती जंगल पालथं घालायचं? त्याला अंत नाही. म्हणून आययूसीएन या निसर्ग-संवर्धनाच्या जागतिक संस्थेचा निकष असा की शेवटचा जीव मेला याबद्दल वाजवी शंका उरलेली नसावी, आणि योग्य अधिवासात, योग्य ऋतूत, पुरेसा काळ कसून शोध झालेला असावा. तेवढी खात्री नसेल तर "अतिसंकटग्रस्त" वर्गात ठेवतात. आपला पक्षी तिथेच आहे.

शास्त्रज्ञ यासाठी गणितही वापरतात. कल्पना सोपी आहे. रोज येणारा दूधवाला चार दिवस आला नाही तर काहीतरी झालंय हे नक्की, पण सहा महिन्यांनी एकदा येणारा कल्हईवाला चार दिवस दिसला नाही तर त्यातून काहीच कळत नाही. तसंच, पक्षी आधी किती वेळा नोंदला जायचा आणि शेवटच्या नोंदीनंतर किती काळ गेला यावरून तो अजून असण्याची शक्यता काढता येते. खरी अडचण ही की नोंद म्हणजे काय धरायचं. फक्त नमुने आणि स्पष्ट फोटो धरले तर गणित सांगतं की कधीच संपला. "मी पाहिला" असं सांगणाऱ्यांच्या नोंदीही धरल्या तर तारीख पुढे पुढे सरकत जाते. गणित तेच, उत्तर वेगळं, कारण आत टाकलेला माल वेगळा.

आणि एक मुद्दा चर्चेत बऱ्याचदा सुटतो. लोक म्हणतात की एखादा कुठेतरी दडलेला असेल की. पण १९४४ मधला पक्षी आज असूच शकत नाही, एवढं आयुष्य सुताराला नसतं. आज एक जरी असेल तर मधल्या ऐंशी वर्षांत त्याच्या आईबापांनी, आजा-पणजांनी घरटी केलेली असायला हवीत, पिल्लं वाढवलेली असायला हवीत, आणि दर पिढीला जोडी जमण्याइतके पक्षी जवळपास असायला हवेत. म्हणजे प्रश्न एका पक्ष्याचा नाहीच, ऐंशी वर्षं टिकलेल्या एका छोट्या वस्तीचा आहे, जी शिकाऱ्यांच्या, पक्षीनिरीक्षकांच्या, आणि आता खिशात कॅमेरा असलेल्या प्रत्येकाच्या नजरेतून सुटली. अर्धा मीटरचा, आवाज करणारा, झाडाची साल सोलून खाली ढीग पाडणारा पक्षी. मला हे अवघड वाटतं.

मग टाका ना शिक्का मारून! नाही, इतकं सोपं नाही, कारण दोन्ही बाजूंच्या चुकांची किंमत असते. नसलेल्या पक्ष्यावर पैसे गेले तर ते असलेल्या पक्ष्याच्या तोंडचे जातात. त्याच भागात रेड-कॉकेडेड वुडपेकर नावाचा छोटा सुतार आहे, त्याच्यावर अनेक वर्षं नेटाने काम झालं, ढोल्या तयार करून दिल्या, आणि २०२४ मध्ये त्याला धोक्याच्या एक पायरी खाली आणता आलं. उलट, असलेला पक्षी संपला म्हणून जाहीर केला तर त्याच्या जंगलाकडे कुणी बघत नाही. फिलिपिन्समधल्या सेबू बेटावर असंच झालं. तिथला फ्लॉवरपेकर नावाचा चिमुकला पक्षी संपला असं सगळ्यांनी धरलं, बेटावर जंगलच उरलं नाही म्हणाले, वाचवायचं काही नाही म्हणून उरलेलं रानही दुर्लक्षित राहिलं, आणि १९९२ मध्ये पक्षी सापडला.

आपल्याला लांब जायला नको, खानदेशातच बघा. रानपिंगळा. १८८४ नंतर या घुबडाचा एकही खरा नमुना नव्हता. सलीम अलींसारख्यांनीही शोधलं होतं. रिचर्ड माइनर्टझहागेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातमधल्या मांडवीजवळ एक मिळवल्याची नोंद होती, त्यामुळे लोक तिकडे जाऊन शोधायचे. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञांनी म्युझियममधला तो नमुना बारकाईने तपासला तेव्हा कळलं की तो कुणा दुसऱ्याने खानदेशात गोळा केलेला, म्युझियममधून चोरून, पुन्हा शिवून, नवी चिठ्ठी लावलेला नमुना आहे. म्हणजे खोट्या नोंदीमुळे शोधच चुकीच्या जागी चालला होता. ती नोंद बाजूला काढून, जुन्या खऱ्या नमुन्यांच्या जागा धरून त्या आणि त्यांचे सहकारी नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात आले, आणि ११३ वर्षांनी रानपिंगळा समोर झाडावर बसलेला, भर दिवसा. पुढे मेळघाटात, यावलमध्ये, अगदी मुंबईजवळच्या तानसातही तो सापडला.

काही लोक म्हणतात की बघा, रानपिंगळा सापडला तर हा सुतारही सापडेल. पण दोन्हीत मोठा फरक आहे. रानपिंगळ्याला कुणी नीट, योग्य जागी शोधलंच नव्हतं, आणि गेल्यावर लगेच सापडला, तोही फोटो-व्हिडिओसकट. आपल्या सुताराला बरोबर जागी, बरोबर ऋतूत, वर्षानुवर्षं शोधलंय. न शोधल्यामुळे न दिसणं आणि शोधूनही न दिसणं, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. मेक्सिकोतला इंपीरियल वुडपेकर, हस्तिदंती चोचवाल्याचा थोरला भाऊ आणि जगातला सगळ्यात मोठा सुतार, त्याचंही असंच. त्याची एकमेव फिल्म एका डेंटिस्टने १९५६ मध्ये दुरांगोच्या डोंगरात काढलेली, २०१० मध्ये संशोधक त्याच जागी पुन्हा गेले, पक्षी नाही मिळाला.

तर सरकारने २०२३ मध्ये नाव का नाही काढलं? प्रस्तावानंतर सुनावणी झाली, त्यात लुइझियानात अनेक वर्षं काम करणाऱ्या एका गटाने ड्रोनचे व्हिडिओ आणि झाडांवर लावलेल्या कॅमेऱ्यांचे फोटो मांडले, मे २०२३ मध्ये त्यांचा पेपरही आला. फोटो लांबचे आणि अस्पष्ट आहेत, पाठीवर पांढरा भाग असल्यासारखं दिसतं, पण समोरचे लोक म्हणतात की पायलिएटेड किंवा लाल डोक्याचा सुतारही तसा दिसू शकतो. म्हणजे २००५ चंच भांडण नव्या कॅमेऱ्यांनी. सरकारने अजून तपासू म्हणून निर्णय बाजूला ठेवला.

माझं मत विचाराल तर, हा पक्षी गेलाय असंच मला वाटतं, आणि हे लिहिताना अजिबात बरं वाटत नाही. पण नाव आणखी काही वर्षं यादीत राहिलं तर राहू द्या. फक्त पुरावा मागताना ढिलाई नको, "अनुभवी माणसाने पाहिलं" एवढ्यावर मानायचं नाही. एक स्वच्छ फोटो हवा, किंवा ढोलीतून मिळालेलं पीस, ज्याचा डीएनए म्युझियममधल्या त्या चारशे नमुन्यांशी ताडून बघता येईल. लुइझियानातला गट कॅमेऱ्यांसोबत त्या दिशेनेही प्रयत्न करतोय, आणि ढोलीतल्या भुशातून डीएनए काढणं आता खरंच शक्य आहे, १९४४ मध्ये एकलबेरीकडे फक्त पेन्सिल होती.